उसना पत्रा

आबा : पत्रा उसना दिऊ नको, असं म्हनलं व्हतं का न्हाई म्या?

चैताली : म्हणाला होतात, आबा.

आबा : हितंच. ह्या उंबऱ्यात बसून. चैते, अक्षराचा पत्रा उसना गेला का परत येतो तवा त्याच्यावर दुसऱ्याचा रंग असतो. दोन वर्सं झाली त्याला. तवा तू काय केलंस?

चैताली : हसले.

आबा : नुसती हसली न्हाईस. "रुपाली काय परकी हाय का, माझी नणंद हाय," म्हनलीस आन पुरा डबा उचलून तिच्या हाती दिलास. आन आज भर दुपारी पोरीला कडंवर घिऊन लोनावळ्यावरनं आलीस. का, तर आबा, तिच्या कागदावर सही करू नका.

चैताली : चिंगी! खाली ठेव ते. आधी खाली ठेव. आबा, त्या डब्याला झाकण लावा ना. पत्र्याच्या कडा आहेत, बोट कापेल तिचं.

आबा : तू बी ह्याच डब्यात बोटं घालून मोठी झालीस.

चैताली : आणि धनुर्वाताची तीन इंजेक्शनं घेतली.

आबा : दोन.

चैताली : तीन. आई सांगायची. आणि ही भाकरी अशी झाकून का ठेवलीय? सकाळची आहे. जेवला नाहीत तुम्ही?

आबा : नंदाबाई आणून देती दुपारचं.

चैताली : नंदाबाई लेकीकडं गेल्यात सुदुंबऱ्याला, बाळंतपणाला. महिनाभर येत नाहीत. मीच फोन केला होता त्यांना. माझ्याशी खोटं बोलू नका, आबा.

आबा : बरं. तू बी माझ्याशी खोटं बोलू नको. सही का नको करू, ते नीट सांग.

चैताली : सांगितलं ना मघाशी.

आबा : ते कॉलेजातलं सांगितलंस. मला कळंल असं सांग. त्या पोरीनं काय केलंय?

चैताली : फॉन्ट केलाय. म्हणजे असं बघा, तुम्ही पत्र्यात अक्षरं कापायचात. पोत्यावर पत्रा धरला, वरून ब्रश मारला, की अक्षर उठायचं. तुमचाच पत्रा असल्यामुळे पोतं कुठलंही असो, अक्षर तुमचंच. तसंच हे. तिनं तुमची सगळी अक्षरं कॉम्प्युटरात घातलीत. आता कुणीही बटण दाबलं की तुमचं अक्षर उठणार. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, पुस्तक, काहीही.

आबा : म्हंजी म्या मेल्यावर बी माझ्या हातानं लोक लिवनार?

चैताली : असं बोलू नका. पण हो.

आबा : शिव्या बी?

चैताली : शिव्यापण.

आबा : मग ब्येस झालं की. त्यात वाईट काय?

चैताली : वाईट काही नाही. पण सुरुवात कुणी केली, आबा? कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना दर रविवारी लोकलनं कामशेतला कोण यायचं? भातगिरणीच्या माळ्यावर घुशींची लेंडकं झाडून तुमचे पत्रे कुणी शोधले? एकेक पत्रा आलेखाच्या कागदावर ठेवून, पेन्सिलीनं कड फिरवून, छत्तीस कागद कुणी केले? सर म्हणाले होते, चैताली, हे कुणी केलेलं नाही, हे पूर्ण कर. आणि मग सुहासचं स्थळ आलं. मार्चमधे लग्न, एप्रिलमधे परीक्षा. मी घाईघाईनं चार पोस्टर करून दिली आणि पास झाले. म्हटलं, लग्नानंतर वर्षभरात पुरं करीन.

आबा : मग?

चैताली : मग ही झाली. आणि लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत, आबा. धुक्यात आठ-आठ दिवस लंगोट ओलेच. मी इस्त्रीनं लंगोट वाळवत होते. फॉन्ट कुठला करतेय.

आबा : त्यात रुपालीचा काय दोष?

चैताली : काहीच नाही. तेच तर. काही दोष असता तर बरं झालं असतं.

आबा : हं.

चैताली : ती हॉस्टेलवरून घरी आली की मी पोळ्या लाटायचे आणि ती जेवणाच्या टेबलावर बसून तुमचा "क" ओढायची. मला स्वयंपाकघरातून दिसायचं. हाक मारायची, वहिनी, बघ ना, बरोबर दिसतंय का? मी पिठाच्या हातांनी जायचे आणि सांगायचे, छान. मला दिसत असायचं, आबा. दोन अक्षरांतली जागा जास्त झालीय, "ग"चा काना लांब पडलाय, सगळं दिसायचं. तरी मी छानच म्हणायचे. आणि परत पोळीकडं यायचे. ती करपलेली असायची.

आबा : पोट दुखतंय तुजं.

चैताली : दुखतंय. तुमच्यापुढं नाही कशाला म्हणू?

आबा : लेकी, पोट दुखतं तर ओवा खावा. सही आडवून काय हुनार?

चैताली : चिंगी, पिशवीत हात घालू नकोस! नाही म्हटलं ना. इकडं दे. बिस्किट हवंय? आई देते बिस्किट. पिशवी आईची आहे.

आबा : एवढी काय वरडतीस? काय हाय तिच्यात?

चैताली : काही नाही. तिची औषधं.

रुपाली : जय भीम, आबा! आहात का घरी? अगं... वहिनी?

आबा : ये पोरी, ये. जय भीम. दार उघडंच असतं. खाली वाकून ये, कपाळ लागंल.

रुपाली : वहिनी, तू इथं कशी? दादा म्हणाला, तू चिंगीला डॉक्टरकडं नेतेयस.

चैताली : नेलं होतं. जंताचं औषध दिलं. मग म्हटलं, आबांना बघून यावं.

रुपाली : लोणावळ्याचे डॉक्टर कामशेतला बसायला लागले?

चैताली : आजोबा माझे आहेत, रुपाली. त्यांच्याकडं यायला मला सुहासची चिठ्ठी लागत नाही.

रुपाली : मी चिठ्ठी मागितली का? गंमत केली. चिंग्या, आत्याला पापी दे. आबा, मी जास्त वेळ घेणार नाही, पाचच्या आत सरांना मेल जायला पाहिजे. सोमवारी प्रदर्शन लागतंय. त्याच्याआधी तुमची एक सही, आणि तुम्हाला हे दाखवायचं होतं. मोठ्या कागदावर प्रिंट काढून आणलंय. तुमचा चष्मा कुठाय?

आबा : चष्म्यानं न्हाई दिसत आता. ते भिंग दे, कोनाड्यात हाय. आन दाराकडं धर कागद. हां. आगं बाय बाय बाय.

रुपाली : ओळखताय?

आबा : ह्यो माझा "ब". पोटातला टाका बघ, तिरका हाय. समद्यांचा सरळ, माझा तिरका. ह्यो "म". ह्यो "त"... आरं तिच्या. ही तर माझी बाजारपेठ हुबी केलीस तू.

रुपाली : टाका म्हणजे ती मधली पट्टी ना? मी प्रेझेंटेशनमधे तेच सांगितलंय. "ब"चं पोट पत्र्यात पूर्ण गोल कापलं तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून आबा मधे पट्टी राखतात. सगळ्या फॉन्टचा कणाच तो आहे. चारशे ऐंशी अक्षरं केलीत, आबा. जोडाक्षरं धरून.

आबा : चारशे? म्या जन्मात साठ बी कापली नसतील.

चैताली : "क्ष" तुम्ही कधी कापलाच नव्हता. तो तिनं "क" आणि "ष" वरून ओढलाय.

रुपाली : ते तुला कसं माहीत?

चैताली : दिसतं ना.

रुपाली : मग कधी बोलली नाहीस! मला वाटायचं तुला त्यातलं आता काही... म्हणजे, तू नेहमी छानच म्हणायचीस.

चैताली : आता काही कळत नाही, असंच वाटायचं ना? बोल की.

रुपाली : तसं नाही, वहिनी.

चैताली : तसंच. आणि माझे छत्तीस कागद? ते ह्या प्रिंटवर कुठं आहेत? मी घरी पाहिलाय तुझा रिपोर्ट. पहिल्या पानावर लिहिलंयस, संकल्पना आणि रेखाटन, रुपाली.

रुपाली : तूच म्हणाली होतीस, घेऊन टाक, नाहीतरी रद्दीतच जाणार आहेत! तुझे शब्द आहेत. मी विचारलं होतं, खरंच घेऊ का? तू पाठ फिरवून म्हणालीस, सांगितलं ना एकदा.

चैताली : पाठ फिरवून म्हटलं, ते लक्षात आहे. का फिरवली, ते नाही आलं डोक्यात.

रुपाली : मग सांगायचं ना! मी काय मनकवडी आहे?

आबा : आरं, भांडू नगा. पोर घाबरंल. पोरी, हिकडं ये. ह्यो जो "ळ" हाय ना, तांदूळमधला... ह्यो माझा न्हाई.

रुपाली : आबा, बघा... तेच. सरही तेच म्हणतात. म्हणतात, बाकी सगळी अक्षरं एका हाताची, हे एकच दुसऱ्या हाताचं. आणि मावळातला फॉन्ट आणि त्यात नेमका "ळ"च खटकतो! मावळ लिहा, तांदूळ लिहा, आळी लिहा, सगळीकडं तो डोळ्यात येतो. गेल्या वर्षी देशभरातल्या विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. शेवटच्या दहात होते मी. ह्या एका अक्षरामुळं काढलं. लिहून आलं होतं तसं.

चैताली : स्पर्धेचं तू कधी बोलली नाहीस.

रुपाली : कशाला बोलू? चूक माझीच होती. रडून झालं हॉस्टेलवर. आबा, तुम्हाला माहितीच आहे ना, तुमचा "ळ" माझ्याकडून हरवला. डबा मी नेला तेव्हा होता त्यात, मी मोजून घेतले होते पत्रे. दिवाळीनंतर बघते तर नाही. म्हणून मग मी तुमच्या मोरीच्या पडद्यावरून घेतला.

आबा : मोरीच्या?

रुपाली : ते बारदान नाही का, मोरीला लावलेलं. त्याच्यावर "आंबेमोहर तांदूळ, कामशेत" असं आहे. त्याचा फोटो काढून त्यातला "ळ" ओढला. दुसरा कुठं सापडेचना. गिरणीत आता सगळी छापील प्लॅस्टिकची पोती.

आबा : हां. हां. मोरीचा पडदा व्हय.

रुपाली : हे पत्रात लिहिलंय मी. सही करायच्या आधी वाचून दाखवते, थांबा. "मी, भिकाजी, राहणार कामशेत, तालुका मावळ, माझ्या पत्र्यातील अक्षरांवरून कुमारी रुपाली हिने तयार केलेल्या फॉन्टला परवानगी देत आहे. डब्यातील पत्र्यांपैकी ळ या अक्षराचा मूळ पत्रा कुमारी रुपाली हिच्या हलगर्जीपणामुळे हरवला असून..."

चैताली : ते वाक्य काढ.

रुपाली : का? खरंय ते. सर म्हणाले, प्रामाणिकपणे लिही, मूळ साधनाचं काय झालं ते.

चैताली : काढ ते, रुपाली.

रुपाली : अगं, पण हरवला ना माझ्याकडून.

चैताली : नाही हरवला तुझ्याकडून. म्हणून तर आले मी. परवा टेबलावर हा कागद पाहिला आणि... आबा, सही करू नका म्हटलं ते नावासाठी म्हटलं. पण तेवढ्यासाठी आले नव्हते. डब्यात गुपचूप टाकून जाणार होते. तुम्ही झोपाल थोडा वेळ, असं वाटलं होतं. तुम्ही झोपलातच नाही.

(चैताली पिशवीतून जुन्या दुपट्यात गुंडाळलेला पत्रा काढून जमिनीवर ठेवते.)

रुपाली : कधी घेतलास?

चैताली : दिवाळीत. तू मैत्रिणीकडं सुट्टीला गेली होतीस. टेबल पुसत होते. डबा उघडा होता.

रुपाली : तू माझ्याबरोबर शोधलास.

चैताली : हो.

रुपाली : तू माझ्याबरोबर कपाट सरकवलंस, वहिनी! आईच्या पलंगाखाली बॅटरी घेऊन तू वाकली होतीस. मी रडत होते आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. डबा परत द्यायला इथं आले तेव्हा मी आबांच्या पाया पडले होते. माफ करा म्हणून.

आबा : पडली व्हती. म्या म्हनलं, जाऊ दे पोरी, पत्राच हाय.

रुपाली : एक वर्ष मी स्वतःला वेंधळी म्हणत होते. काहीही हरवलं, किल्ली, पेन, की म्हणायचे, रुपाली, तू आबांचा "ळ" हरवलास, तुझं काय. का केलंस? नुसतं सांग, का केलंस?

चैताली : पुरं होऊ नये म्हणून.

रुपाली : काय?

चैताली : तुझं पुरं होऊ नये म्हणून. माझं छत्तीस कागदांवर अडलं होतं. तुझं एका अक्षरावर तरी अडावं. एवढंच. ह्याच्यापेक्षा मोठं कारण नाही माझ्याकडं, खूप शोधलं मी. रोज ठरवायचे, उद्या टेबलाखाली टाकते, सापडल्यासारखा. मग तू यायचीस, पाय पसरून बसायचीस, आई तुला चहा हातात आणून द्यायच्या. अभ्यास करतेय ना पोर. आणि मी म्हणायचे, उद्या. चिंगीच्या लंगोटांच्या कप्प्यात ठेवला होता, कारण तो कप्पा माझ्याशिवाय घरात कुणीच उघडत नाही.

रुपाली : मला ओरडावंसं वाटतंय, पण ही लहान बसलीय समोर.

चैताली : ओरड. तिला मी घेते बाहेर.

रुपाली : नको. बस तू. बस.

आबा : ते भिंग दे गं, रुपाली. आन पत्रा दे माझा. कापू नको बोट, ह्याची धार अजून हाय. आता कागद हितं धर, शेजारी. हां... व्हय. म्या म्हनलंच.

रुपाली : काय, आबा?

आबा : हात फिरव ह्या पत्र्यावर. उजवं पोट मोठं हाय का डावं?

रुपाली : उजवं.

आबा : छिन्नी सरकली व्हती माझी. तेलाच्या डब्याचा पत्रा, दुसरा कुटनं आनू? म्हनलं राहू दे, पोट मोठं तर मोठं. आता तुझ्या कागदावर बघ.

रुपाली : डावं मोठंय. अरे... उलटाय! पत्रा उलटा धरून मारलाय!

आबा : व्हय. दुसरं अक्षर उलटं पडलं तर आंधळ्याला बी कळंल. "ळ" उलटा पडला तर पटकन न्हाई कळत. दोन पोटं हिकडं-तिकडं. पन कडंला रंग बी झिरपलाय बघ. पत्रा दाबून धरायला हातात जोर पायजे, ल्हान हाताला ते जमत न्हाई.

रुपाली : लहान हात म्हणजे? कुणी मारला होता हा?

आबा : ही बसलीय की. सा वर्सांची व्हती. गिरणीत माझ्यासंगं आली आन लागली नाचायला, मला बी मारू द्या, मला बी मारू द्या. समदी अक्षरं म्या मारली, शेवटचा एक "ळ" हिला दिला. तर बयेनं पत्रा उलटा ठेवला आन ब्रश असा बदाबदा मारला का रंग पार हिच्या कोपरापातूर. म्या काय बोललो न्हाई. मालकाला म्हनलं, ह्ये पोतं उसवलंय, आन घडी घालून घरी आनलं. तुझी आजी लय बोलली मला, चैते. म्हनली, चोरी केली मेल्या. पन मोरीला लावलं तिनंच.

चैताली : मला आठवत नाही.

आबा : कसं आठवंल? रोज त्याच्या आड आंगुळ करायचीस.

चैताली : आबा, मला खरंच आठवत नाही.

रुपाली : म्हणजे शेवटच्या दहातून मला ज्यानं काढलं तो "ळ"सुद्धा...

चैताली : माझाच.

रुपाली : तू लपवलास त्याच्यामुळं मी तुझाच घेतला. वा, वहिनी. दोन्ही बाजूंनी तूच.

चैताली : हस. हसायला हरकत नाही.

रुपाली : मी हसत नाहीये. मी रागावलेय. आज रागावलेय, उद्याही असणार आहे. घरी आल्यावर तुझ्या हातचा चहा पिईन की नाही, सांगता येत नाही.

चैताली : मी करून ठेवीन. नको वाटला तर ओतून दे.

आबा : बरं, सहीचं काय करू? तुमी दोघी सांगा. चैती म्हनली व्हती नको.

रुपाली : तुम्ही तिलाच विचारा. अक्षरं तुमची, आजोबा तिचे.

चैताली : सही करा, आबा.

आबा : नक्की? माझ्या मागं पुन्यांदा पोट दुखंल.

चैताली : दुखेल. दुखू दे. करा सही. पण ते वाक्य काढून.

रुपाली : ते काढते. त्याजागी काय लिहू? "वहिनीने चोरला, वर्षाने परत केला"?

चैताली : लिही. तुझा हक्क आहे.

रुपाली : नाही लिहीत. दादा वाचेल, मग आई वाचेल, मग दर रविवारी तीच पंचाईत. "मूळ पत्रा सापडला" एवढंच लिहिते. आबा, इथं. ह्या रेघेवर. सावकाश. अरे, तुम्ही पेन मधेमधे का उचलताय?

आबा : कुटं?

रुपाली : "भ"मधे उचललंत. आता "क"च्या पोटात उचललंत.

चैताली : टाका सोडतात ते. लिहायला पत्र्यावरच शिकलेत. शाळा दुसरीत सुटली, पुढची सगळी अक्षरं छिन्नीनं शिकले. म्हणून सही करतानासुद्धा जागा सोडतात.

आबा : न्हाई सोडली तर पोट गळतं की.

रुपाली : हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, वहिनी. माझ्या अख्ख्या रिपोर्टमधे हे नाही.

चैताली : माहितीय. ते मी माझ्यासाठी ठेवलं होतं.

रुपाली : अजून काय काय ठेवलंयस?

चैताली : "ग"चा काना लांब आहे. "र" आणि "त"मधे जागा जास्त पडते, "भारत" लिहिलं की मधे फट दिसते. आणि वरची रेघ जिथं तुटते तिथं तू सगळीकडं सारखं अंतर ठेवलंयस. आबांचं सारखं नसतं. काना आला की ते थोडं जवळ घेतात.

रुपाली : देवा. किती दिवसांपासून दिसतंय तुला हे?

चैताली : पहिल्या दिवसापासून.

रुपाली : पाचच्या आत होतील एवढं? आता सव्वातीन झालेत.

चैताली : लॅपटॉप उघड. चिंगीला आबांच्या मांडीवर दे. आबा, तिला सुटी सोडू नका, डब्याला झाकण लावा, आणि ती भाकरी निदान दुधात कुस्करून खा, मी बघतेय. हां, उघड "ग". हा बिंदू वर घे. अजून. अजून थोडा. बस. आता "ळ". पत्रा सरळ ठेव, फोटो काढ, आबांचाच घाल.

रुपाली : आणि तुझा उलटा?

चैताली : काढून टाक.

रुपाली : नाही काढणार. फॉन्टमधे एका अक्षराची दोन रूपं ठेवता येतात. नेहमी आबांचा येईल. कुणाला हवा असेल त्यानं निवडला तर तुझा येईल. पर्यायी म्हणून.

चैताली : म्हणजे इथंसुद्धा मी पर्यायी.

रुपाली : वहिनी!

चैताली : बरं बरं. ठेव. आणि पहिल्या पानावर माझं नाव टाकणार होतीस की नाही, ते विचारायचंय. नको म्हणावंसं वाटतंय, मोठेपणा दिसेल म्हणून. पण नको म्हटलं तर वर्षभर पुन्हा जळत बसेन मी. मला माहितीय मी कशी आहे. तेव्हा टाक. रेखाटन, चैताली. तुझ्या नावाच्या वर नको. खालीही नको. शेजारी टाक.

रुपाली : शेजारी टाकते. (तासाभरानं, लॅपटॉपवरून मान वर करून) झाल्या सगळ्या दुरुस्त्या. आता एकच राहिलं. शेवटच्या पानावर एक परिच्छेद हवा. फॉन्ट वाहत्या मजकुरात कसा दिसतो ते लोकांना कळायला. मी नुसता तांदळाच्या जातींची यादी टाकली होती. सर म्हणाले, वाचावंसं वाटेल असं काहीतरी लिही. आणि आता "ळ" सुधारलाय तर "ळ" भरपूर पाहिजेत त्यात. प्रदर्शनात शेपाचशे माणसं तरी वाचतील. तू सांग, मी टाइप करते.

चैताली : मी?

रुपाली : तू. पटकन, साडेचार होतायत.

आबा : माझं नाव घाल त्यात, चैते. लोक बघत्याल.

चैताली : घालते, आबा. चिंगीच्या तोंडातलं काढा आधी, काय चघळतेय ती? भाकरीच आहे ना? मग ठीक. लिही, रुपाली. "मावळात कधी आलात आणि कामशेतला उतरलात, तर तांदळाच्या गिरणीमागच्या आळीत वळा. शेवटी एक निळं दार आहे, ते सदानकदा उघडंच असतं. कपाळ सांभाळून आत या. हाळी द्या, भिकाजी आबा आहेत का म्हणून. ओळख नसली तरी चालेल. ते म्हणतील, माझं जेवण झालंय. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. झाकलेलं ताट उघडून, दुपारची भाकरी खाल्लीय का, तेवढं माझ्यासाठी बघून या."